शरीररचनाशास्त्राचे शिक्षण : हातातली प्रतिकृती आणि आभासी देह

शरीरातली कोणती रचना कोणाच्या पुढे आहे, कोणाच्या मागे, कोणाखालून वळसा घालून जाते आणि त्वचेवरच्या कोणत्या खुणेवरून तिचा ठाव लागतो, हे डोळे मिटूनही मनासमोर उभे करता येणे म्हणजे शरीररचनाशास्त्र येणे. स्नायू, धमन्या आणि चेता यांची नावे पाठ करून पहिल्या वर्षाची परीक्षा निघते; पुढे आयुष्यभर कामाला येतात ते हे संबंध. नितंबात इंजेक्शन देताना वरचा बाहेरचा चतुर्थांशच का निवडायचा, हे परिचारिकेला कळायचे तर सायटिक ही जाड चेता तिथे कुठून खाली उतरते याचे चित्र तिच्या मनात हवे. फिजिओथेरपिस्टला खांद्याचा सांधा कातडीखालच्या हाडांच्या उंचवट्यांवरून बोटांनी ओळखावा लागतो. पित्ताशय काढणाऱ्या सर्जनला पित्ताशयाची नळी आणि यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका यांत गल्लत करून चालत नाही; ती गल्लत रुग्णाला जन्मभर भोवते.

हे संबंध शिकवण्याची जुनी साधने सर्वांच्या ओळखीची आहेत: डिसेक्शन हॉलमधला मृतदेह, विच्छेदन करून ठेवलेले अवयव, फॉर्मालिनच्या बरण्यांतले नमुने, हाडांचा संच आणि भाग सुटे करता येणाऱ्या प्लास्टिकच्या प्रतिकृती. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या शेजारी व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे व्हीआरचा, हेडसेट येऊन बसला आहे. तो डोळ्यांवर चढवला की विद्यार्थ्यासमोर एक पूर्ण मानवी देह उभा राहतो. त्याचे थर एकेक करून काढता येतात, हृदय हवे तेवढे मोठे करून त्याच्या कप्प्यात शिरता येते. या साधनाभोवती मोठा उत्साह आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग आणि फिजिओथेरपीची महाविद्यालये ते विकत घेत आहेत आणि मृतदेहांची गरजच उरणार नाही, असेही कुठे कुठे बोलले जात आहे. प्रत्यक्ष चाचण्यांतून पुढे आलेले चित्र या उत्साहाशी जुळत नाही. नवख्या विद्यार्थ्याला अवकाशातले संबंध समजावून देण्यात साधी, हातात धरता येणारी प्रतिकृती अजूनही व्हीआरच्या पुढे आहे. व्हीआरची खरी ताकद दुसरीकडे आहे, आणि ती नेमकी कुठे आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर पैसा घालणे शहाणपणाचे नाही.

मृतदेहाला पर्याय शोधण्याची धडपड जुनी आहे, कारण मृतदेहाची अडचणही तितकीच जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीर अभ्यासण्याची पद्धत तपशिलाने सांगितली आहे. विषाने किंवा दीर्घ आजाराने न मेलेल्या माणसाचा, सर्व अवयव शाबूत असलेला देह घ्यावा, आतड्यांतला मळ काढावा, मुंजासारख्या गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा आणि सात रात्रींनंतर वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत कातडीपासून आतपर्यंत प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा. शास्त्र वाचणे आणि प्रत्यक्ष पाहणे या दोन्हींनी मिळून ज्ञान वाढते, ही सुश्रुताची भूमिका. पुढे ही परंपरा आपल्याकडे खंडित झाली. युरोपात पादुआला शिकवणाऱ्या आंद्रेआस व्हेसालिअसने १५४३ मध्ये आपला महाग्रंथ बाझेल येथे छापला. खुर्चीवर बसून जुन्या ग्रंथाचे वाचन करायचे आणि कापाकापी दुसऱ्याने करायची, ही रीत मोडून त्याने स्वतःच्या हाताने विच्छेदन केले. तेव्हापासून वैद्यकशिक्षणाच्या केंद्रस्थानी मृतदेह आला आणि त्याच्याबरोबर तीन कटकटीही आल्या: तो लवकर सडतो, पुरेसा मिळत नाही, आणि तो कुठून येतो हा प्रश्न टाळता येत नाही.

सडण्यावर आणि टंचाईवर अठराव्या शतकातला उपाय होता मेण. फ्लॉरेन्समध्ये फेलिचे फोंताना याच्या देखरेखीखाली मेणाच्या प्रतिकृतींची कार्यशाळा चालली आणि १७७५ मध्ये ला स्पेकोला हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. क्लेमेंते सुसिनीसारख्या शिल्पकाराने घडवलेले तिथले देह आजही थक्क करतात. सम्राट दुसरा जोसेफ ते पाहून इतका प्रभावित झाला की व्हिएन्नातल्या आपल्या लष्करी वैद्यक अकादमीसाठी त्याने तशाच सुमारे १२०० प्रतिकृती बनवून घेतल्या आणि त्या खेचरांवर लादून आल्प्स पर्वत ओलांडून नेण्यात आल्या. शरीराची सारी रचना मेणात उतरवली तर विच्छेदनाची गरजच संपेल, अशी फोंतानाची आशा होती. ती फळाला आली नाही. मेण हाताळले की झिजते, उष्णतेने मऊ पडते आणि त्याचे थर उलगडता येत नाहीत. शिवाय एकेक प्रतिकृती घडवण्यासाठी शिल्पकाराला पुन्हा पुन्हा मृतदेहच समोर ठेवावे लागत. फ्रान्समध्ये लुई ओझू या डॉक्टरने १८२० च्या दशकात कागदाच्या लगद्याच्या प्रतिकृती काढल्या. त्यांचे भाग क्रमाने सुटे करून पुन्हा जुळवता येत. आजच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती याच वंशातल्या आहेत.

टंचाईचा सर्वांत भीषण परिणाम स्कॉटलंडमध्ये दिसला. एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ मध्ये विच्छेदनासाठी विकायला देह मिळावेत म्हणून १६ माणसांचे खून केले. त्या हादऱ्यानंतर ब्रिटनने १८३२ मध्ये ॲनाटॉमी ॲक्ट केला आणि बेवारस मृतदेह वैद्यकशाळांना देण्याचा कायदेशीर मार्ग खुला झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये केलेले विच्छेदन ही आधुनिक भारतीय वैद्यकशिक्षणातली मोठी घटना मानली जाते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती दीड शतकाहून अधिक काळ असलेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर नंतर याच ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले, सातारा येथे सिव्हिल सर्जन होते, आणि कुष्ठरोग व मदुरा फूट या आजारांवर त्यांनी इथेच काम केले. त्या चित्रांचे यश कशात होते, हे या विषयाच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कार्टर यांनी नावे चित्राच्या कडेला न लिहिता रचनेवरच लिहिली. त्यामुळे शिकणाऱ्याची नजर चित्र आणि यादी यांच्यात हेलपाटे घालत बसत नव्हती. साधन नवे असो वा जुने, मांडणी शिकणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून केली की ते टिकते.

फॉर्मालिनचा वापर १८९० च्या दशकात रुळला आणि मृतदेह महिनोन्महिने टिकू लागला. हायडेलबर्गमध्ये गुंथर फॉन हागेन्स यांनी १९७७ मध्ये प्लॅस्टिनेशन शोधले. त्यात शरीरातले पाणी व चरबी काढून त्यांच्या जागी प्लास्टिक भरले जाते आणि नमुना कोरडा, बिनवासाचा राहतो. त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘व्हिजिबल ह्युमन’ हा प्रकल्प जगासमोर ठेवला. गोठवलेल्या पुरुषदेहाचे एकेक मिलिमीटर जाडीचे १८७१ छेद घेऊन प्रत्येकाचे छायाचित्र काढण्यात आले. पुढच्या वर्षी स्त्रीदेहाचे छेद आले, तेही मिलिमीटरच्या एक तृतीयांश अंतराने. संगणकावरच्या त्रिमितीय मानवी देहांची पायाभरणी मोठ्या प्रमाणात या छेदांवर झाली. तो पुरुष टेक्सासमध्ये विषारी इंजेक्शनने मृत्युदंड दिलेला ३९ वर्षांचा कैदी होता; त्याचे अपेंडिक्स आधीच काढलेले होते. स्त्री ५९ वर्षांची होती. जगाला ‘प्रमाण’ म्हणून मिळालेल्या पहिल्या आभासी पुरुषाला अपेंडिक्स नव्हते, आणि पहिली आभासी स्त्री रजोनिवृत्तीच्या पलीकडची होती. आभासी देहामागेही एखादा खरा देह असतो, आणि त्या देहाचे विशेष व उणिवा त्याच्यात उतरतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

व्हीआरचे तंत्र तत्त्वतः साधे आहे. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर किंचित वेगळ्या कोनातले चित्र येते, मेंदू दोन्ही चित्रे जोडून खोली निर्माण करतो आणि मान वळली की संवेदक ते टिपून दृश्य त्याप्रमाणे बदलतात. डोक्यावर घालायचे असे पहिले यंत्र आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवले होते. पण सामान्य महाविद्यालयाला परवडतील असे हेडसेट २०१६ नंतरच बाजारात आले. एक अडचण मात्र तंत्राच्या मुळातच आहे. जवळची वस्तू पाहताना माणसाचे डोळे आत वळतात आणि त्याच अंतरावर भिंगाचा फोकसही जुळतो. हेडसेटमध्ये डोळे आभासी वस्तूच्या अंतरानुसार वळतात, फोकस मात्र ठरावीक अंतरावर बांधलेला राहतो. या ओढाताणीने डोळे शिणतात. दृश्य हलते आणि शरीर स्थिर असते तेव्हा मळमळ आणि चक्कर येते. ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात २०१७ साली ५९ विद्यार्थ्यांना कवटीची रचना तीन प्रकारे शिकवण्यात आली: व्हीआरने, खऱ्या दृश्यावर आभासी चित्र बसवणाऱ्या ऑगमेंटेड रिॲलिटीने आणि साध्या टॅबलेटवर. परीक्षेतल्या गुणांत लक्षणीय फरक निघाला नाही. डोकेदुखी, चक्कर आणि अंधूक दिसणे या तक्रारी व्हीआर गटात ठळकपणे जास्त होत्या.

अशीच गोष्ट इतर चाचण्यांत दिसते. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात २०१८ मध्ये ६४ विद्यार्थ्यांवर मेंदूच्या रचनेबाबत चाचणी झाली. व्हीआरने शिकलेले आणि छापील साहित्यावरून शिकलेले यांच्या गुणांत अर्थपूर्ण अंतर नव्हते. मेंदूविषयाची भीती मात्र व्हीआर गटात कमी झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात १५ नियंत्रित चाचण्या एकत्र केल्यावर व्हीआरच्या बाजूने मध्यम प्रतीचा लाभ दिसला. पण अशा संकलनांत व्हीआरची तुलना कधी पुस्तकाशी, कधी व्याख्यानाशी, कधी सपाट पडद्याशी केलेली असते. पुस्तकातल्या चित्रापेक्षा त्रिमितीय देह बरा, हे सिद्ध करणे अवघड नाही. खरी कसोटी टेबलावरच्या त्रिमितीय वस्तूशी तुलना करण्यात आहे, आणि ती कसोटी लावणारे अभ्यास कमी आहेत.

त्यांपैकी सर्वांत विचार करायला लावणारे काम कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाले. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ओटीपोटाच्या पोकळीची रचना तीन गटांना शिकवली. एका गटाला संगणकावर हवे तसे फिरवता येणारे आभासी ओटीपोट, दुसऱ्याला त्याचीच काही निवडक स्थिर दृश्ये आणि तिसऱ्याला प्लास्टिकची प्रतिकृती देण्यात आली. परीक्षा मृतदेहावर घेतली. प्लास्टिकवर शिकलेले स्पष्ट फरकाने पुढे गेले आणि फिरवता येणाऱ्या आभासी प्रतिमेचा स्थिर दृश्यांवर विशेष वरचष्मा दिसला नाही. पहिली शंका सहज येते ती अशी, की प्लास्टिकला हात लावता येतो म्हणून हे घडले असेल. पुढच्या प्रयोगांत संशोधकांनी हीच शंका तपासली. स्पर्शाचा वाटा त्यांना किरकोळ आढळला. पण विद्यार्थ्याचा एक डोळा झाकला की प्रतिकृतीचा फायदा बराचसा ओसरला. म्हणजे लाभ मुख्यतः दोन डोळ्यांनी मिळणाऱ्या खोलीच्या जाणिवेचा होता. मग दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणारे हेडसेट बरोबरीला यायला हवे होते. तेही तपासले गेले, आणि तरी साधी प्रतिकृती पुढेच राहिली. हेडसेटमधली खोली मेंदूला पूर्णपणे पटत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. फोकस आणि डोळ्यांचे वळणे यांतली वर सांगितलेली ओढाताण त्यामागे असण्याचा संभव आहे. विद्यार्थ्याची मानसिक शक्ती रचना समजून घेण्याऐवजी दृश्य जुळवण्यात खर्च होते.

वस्तू सर्व बाजूंनी फिरवून पाहता येणे हा व्हीआरचा सर्वांत मोठा गुण म्हणून सांगितला जातो. त्यावरही जुने आणि चांगले संशोधन आहे. मनगटाच्या आठ हाडांवर झालेल्या प्रयोगांत अनेक कोनांतून दाखवलेल्या दृश्यांचा सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांची अवकाशीय कल्पनाशक्ती मुळात कमकुवत होती, त्यांचे तर या दृश्यांच्या गर्दीने नुकसान झाले. फिरवण्याचा ताबा विद्यार्थ्याच्या हाती दिला तेव्हा सुधारणा झाली. पण ताबा मिळालेल्या विद्यार्थ्यांनी बहुतेक वेळ समोरचे आणि मागचे अशा दोन मुख्य दृश्यांपाशीच घालवला, तिथून ते थोडेसे इकडे-तिकडे हलत राहिले. मन रचना साठवते ती अशा एक-दोन ओळखीच्या दृश्यांच्या आधाराने. शिकवण्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. तीनशे साठ अंशांचे स्वातंत्र्य नवख्याला गोंधळात टाकते; ठरावीक दिशेने ठेवलेले हाड आणि ‘पुढून पाहा, आता मागून पाहा’ असे सांगणारा शिक्षक त्याला वाटेवर आणतो. हाड कोणत्या बाजूचे, ते शरीरात कसे धरायचे, हे सांगितल्याशिवाय तोंडी परीक्षेत पुढचा प्रश्न विचारला जात नाही. ही जुनी शिस्त या संशोधनाला तंतोतंत धरून आहे.

त्रिमितीय छपाईने जुन्या प्रतिकृतींना नवे बळ दिले आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात ५२ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयाची बाह्यरचना छापील प्रतिकृतीवर शिकलेले विद्यार्थी मृतदेहाच्या नमुन्यांवर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. खऱ्या नमुन्याला जपून हाताळावे लागते, तो भिजलेला, मऊ आणि एकरंगी असतो; छापील हृदय विद्यार्थी बिनधास्त हातात घेऊन उलटसुलट करतो. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरूनही अशी प्रतिकृती छापता येते. संगणकाची ताकद आणि हातातल्या वस्तूचा खरेपणा इथे एकत्र येतो, आणि तरी या तंत्राचा गाजावाजा हेडसेटच्या तुलनेत फार कमी झाला, ही खेदाची बाब आहे.

मृतदेहाचीही भाबडी तरफदारी करता येत नाही. फॉर्मालिनने ताठरलेला, तपकिरी पडलेला देह जिवंत माणसासारखा नसतो. त्याची फुप्फुसे आक्रसलेली असतात, आतडी हलत नाहीत, रक्त वाहत नाही. फॉर्माल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवले, आणि डिसेक्शन हॉलमध्ये वर्षानुवर्षे काम करणारे शिक्षक व कर्मचारी तो वायू रोज श्वासावाटे घेत असतात. २०१८ मधल्या एका मोठ्या संकलनात विच्छेदनाची तुलना इतर प्रयोगशाळा-पद्धतींशी केली तेव्हा परीक्षेपुरत्या अल्पकालीन ज्ञानात फरक दिसला नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या पेनिन्सुला मेडिकल स्कूलने मृतदेहाशिवाय अभ्यासक्रम आखला; तिथे सोनोग्राफी, प्रतिकृती आणि जिवंत शरीरावर रंगाने अवयव रेखाटणे यांवर भर होता.

असे असूनही मृतदेह काही गोष्टी शिकवतो ज्या प्लास्टिकला आणि आभासी देहाला दोघांनाही जमत नाहीत. पहिली गोष्ट माणसामाणसांतला फरक. पुस्तकात प्रत्येक मूत्रपिंडाला एक धमनी असते. प्रत्यक्षात साधारण चारातल्या एका माणसात जादा धमनी सापडते. मनगटाच्या पुढच्या बाजूचा पामारिस लाँगस हा बारीक स्नायू काहींना जन्मतःच नसतो. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवले की तो आहे की नाही हे कोणालाही स्वतःच्या हातावर पाहता येते. पित्ताशयाच्या आसपासच्या नळ्या आणि धमन्या तर इतक्या परींनी वळतात की एकच नमुना पाठ केलेला सर्जन धोकादायक ठरावा. डिसेक्शन हॉलमधल्या दहा टेबलांवर दहा वेगळी शरीरे असतात. शंभर हेडसेटमध्ये एकच शरीर असते.

दुसरी गोष्ट पोताची. आभासी देहात आणि प्लास्टिकच्या प्रतिकृतीत धमनी लाल, नीला निळी, चेता पिवळी असते. खऱ्या देहात तिन्ही जवळजवळ एकाच फिकट रंगाच्या असतात आणि बोटांनी ओळखाव्या लागतात: धमनीची भिंत जाड आणि रबरासारखी, नीला चपटी पडणारी, चेता भरीव दोरीसारखी. रचनांना बांधून ठेवणारे पातळ आवरण वेगळे करत योग्य थर सापडवणे ही शस्त्रक्रियेची प्राथमिक शाळा आहे. हेडसेटमध्ये एक कळ दाबली की स्नायूचा थर नाहीसा होतो. काय कशाला चिकटलेले होते, काय सोडवताना काय तुटले असते, हे कळायची संधीच मिळत नाही. बाजारातल्या सामान्य हेडसेटबरोबर येणारी हातातली यंत्रे थरथरण्यापलीकडे काही जाणवून देत नाहीत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावासाठी प्रतिकार जाणवणारी महागडी यंत्रे आहेत, पण ती वेगळ्या टप्प्यावरच्या शिक्षणाची साधने आहेत.

तिसरी गोष्ट मोजता येत नाही, म्हणून ती चाचण्यांत दिसत नाही. समोर पडलेला देह कोणाचा तरी आहे. नॅशनल मेडिकल कमिशनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद या भागात मृतदेह हा विद्यार्थ्याचा पहिला शिक्षक आहे या विषयावर स्वतंत्र घटक ठेवला आहे, आणि अनेक महाविद्यालयांत विच्छेदनाआधी मृतदेहासमोर शपथ घेतली जाते. मृत्यूशी पहिली गाठ, परक्या शरीराला हात लावण्याचा संकोच, त्या शरीराचे आपल्यावर ऋण आहे ही जाणीव, हे सारे डॉक्टर घडण्याचाच भाग आहे. पण ही जाणीव देहदात्याच्या देहासमोर जशी होते, तशी बेवारस म्हणून कायद्याने आलेल्या देहासमोर होते का, हा प्रश्नही विचारायलाच हवा. महाराष्ट्रात १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टखाली असे देह महाविद्यालयांना मिळत आले आहेत. ज्याला विचारलेच गेले नाही, त्याच्या देहावर शिकणे आणि ज्याने आपणहून दिला त्याच्या देहावर शिकणे यांत नैतिक अंतर आहे, आणि देहदानाचे प्रमाण वाढवणे हाच ते मिटवण्याचा मार्ग आहे. हाडांचीही तीच कथा. १९८५ मध्ये भारत सरकारने मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घालेपर्यंत जगातल्या कितीतरी वैद्यकशाळांत भारतातून गेलेली हाडे होती. ती कोणाची, हे कोणी विचारले नव्हते. या कसोटीवर प्लास्टिकचे हाड निश्चितच स्वच्छ आहे.

आता व्हीआरच्या खऱ्या ताकदीकडे यावे. जिथे रचना काळात बदलते, तिथे कोणताही मृतदेह आणि कोणतीही प्रतिकृती तोकडी पडते. गर्भात आतडे पोटाबाहेर येऊन स्वतःच्या मुख्य धमनीभोवती २७० अंशांनी फिरत परत आत जाते; हृदयाची सरळ नळी वळून चार कप्प्यांचे हृदय होते. भ्रूणविज्ञानातल्या या हालचाली पुस्तकातल्या सहा आकृत्यांवरून समजून घेताना पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी थकले आहेत. शिक्षक दोरी किंवा रबरी नळी वळवून दाखवतात. इथे आभासी गर्भाभोवती उभे राहून ती हालचाल पुढे-मागे करत पाहणे हे निर्विवाद सरस साधन आहे. तशीच गोष्ट हाडांत दडलेल्या सूक्ष्म जागांची. कानाच्या आतली रचना, चेहऱ्यामागच्या कवटीतल्या अरुंद पोकळ्या, मेंदूतल्या द्रवाच्या कोठड्या या जागा विच्छेदनात सापडेपर्यंत मोडतात आणि प्रतिकृतीत फार लहान असतात. त्या खोलीएवढ्या मोठ्या करून आत शिरता आले तर कोणती वाट कुठे उघडते हे कळते. मेंदूच्या विषयाची धास्ती कमी होणे हाही छोटा लाभ नाही. धास्तीमुळे पुढे त्या विशेषज्ञतेकडे पाठ फिरवणारे विद्यार्थी असतात.

हेडसेटचे प्रकारही वेगळे आहेत. ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने क्लीव्हलँड क्लिनिकबरोबर मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्सवर शरीररचनेचा पाठ तयार केला. त्यात खोली आणि शेजारी उभे असलेले सहाध्यायी दिसत राहतात आणि मधोमध आभासी देह दिसतो. एका देहाभोवती उभे राहून वाद घालणे, बोट दाखवणे, चूक दुरुस्त करणे ही डिसेक्शन टेबलाची सामाजिक बाजू त्यात टिकते. पूर्ण बंद हेडसेटमध्ये विद्यार्थी एकटा पडतो आणि तो काय पाहतो आहे हे शिक्षकालाही सहज कळत नाही. पण याच होलोलेन्सचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवले. ज्या संस्थांनी आपला अभ्यासक्रम त्या यंत्रावर बांधला, त्यांना दुसरे यंत्र शोधणे भाग आहे. प्लास्टिकचा सांगाडा विकणारी कंपनी बुडाली तरी सांगाडा कपाटात उभा राहतो.

भारतात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. १९९७ च्या नियमांनी एमबीबीएसचा पहिला टप्पा १८ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला. त्यातून विच्छेदनाचे तास कमी झाले. २०१४ साली एमबीबीएसच्या जागा सुमारे ५१ हजार होत्या, दहा वर्षांत त्या एक लाखाच्या पुढे गेल्या. देह आणि अनुभवी शिक्षक त्या वेगाने वाढले नाहीत. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत डिसेक्शन हॉल बंद राहिले आणि एक संपूर्ण तुकडी पडद्यावर शरीर शिकली. अशा टंचाईत हेडसेट हा सोयीचा उपाय वाटतो. पण १५० विद्यार्थ्यांच्या वर्गात दहा हेडसेट असले तर एका तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटे येतात, याचा हिशेब खरेदीच्या वेळी क्वचितच मांडला जातो. सॉफ्टवेअरचा परवाना नूतनीकरण करावा लागतो, यंत्र दोन-चार वर्षांत जुने होते, एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना ते पुसावे लागते, आणि चक्कर येणाऱ्या विद्यार्थ्याची वेगळी सोय लागते. तेवढ्या खर्चात प्रत्येक चार विद्यार्थ्यांमागे एक चांगला प्लास्टिक हाडांचा संच आणि महत्त्वाच्या अवयवांच्या सुट्या होणाऱ्या प्रतिकृती सहज उभ्या राहतात, आणि त्या वसतिगृहाच्या खोलीतही नेता येतात.

सर्व आरोग्यशाखांना एकच माप लावणेही चुकीचे आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला संपूर्ण विच्छेदनाची गरज नाही. तिला चांगल्या प्रतिकृती, एकमेकींच्या हातांवर नीला आणि नाडी शोधण्याचा सराव आणि काही तयार नमुन्यांचे दर्शन पुरेसे आहे. फिजिओथेरपीत जिवंत शरीर हेच पहिले पाठ्यपुस्तक असले पाहिजे. पुढे शस्त्रक्रियेकडे जाणाऱ्या डॉक्टरला मात्र स्वतःच्या हाताने केलेल्या विच्छेदनाला पर्याय नाही. आयुर्वेदाच्या पदवी अभ्यासक्रमातही रचनाशारीर प्रत्यक्ष देहावरच शिकवले जाते आणि ते तसेच राहिले पाहिजे. व्हीआर या सर्वांच्या उपयोगाचा आहे तो नेमक्या धड्यांपुरता: भ्रूणविज्ञान, मेंदूचे अंतरंग, कान, हृदयाचे कप्पे आणि झडपा. तोही विद्यार्थ्याने हाड आणि प्रतिकृती हाताळून मुख्य दृश्ये मनात पक्की केल्यानंतर वापरावा, आधी नाही. आणि त्या धड्यानंतर परीक्षा घ्यायची ती खऱ्या नमुन्यावर किंवा जिवंत शरीरावर. आभासी देहावर शिकून आभासी देहावरच दिलेली परीक्षा विद्यार्थ्याला यंत्र चालवता येते एवढेच सिद्ध करते.

विद्यार्थ्यांना व्हीआर आवडतो, हे बहुतेक सगळ्या पाहण्यांत दिसते आणि ते स्वाभाविक आहे. पण आवडणे आणि शिकणे यांत अंतर पडते. माध्यमामुळे नव्हे, तर शिकवण्याच्या पद्धतीमुळे शिक्षण घडते, हा विचार शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच जोरकसपणे मांडला होता, आणि शरीररचनेवरच्या चाचण्यांनी त्याला दुजोराच दिला आहे. हाड हातात देऊन ‘हे कोणत्या बाजूचे?’ असे विचारणारा आणि उत्तर चुकले की तेच हाड विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अंगाला लावून दाखवणारा शिक्षक कोणत्याही पाहणीत साधन म्हणून मोजला जात नाही. महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांनी आणि खरेदी समित्यांनी व्हीआर प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी शरीररचना विभागातली रिकामी शिक्षकपदे भरावीत.